मनाचे आरोग्य : साऱ्या गावाचा प्रश्न
(केम येथील व्याख्यान)



केमचे कुंकू महाराष्ट्रभर जाते. अशा कष्टाळू गावात ताप आला की आपण दवाखाना गाठतो. झोप उडाली, कामावरून मन उतरले, की देवऋषी गाठतो, नाहीतर गप्प बसतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना मानसिक आजार असतो आणि त्यांतील बहुतेक उपचारावाचून राहतात. ही सारी येरवड्याला न्यायची माणसे नव्हेत. ती इथेच आपल्या ओळीत बसली आहेत.

श्रीलंकेचे नाव निघाले की आपल्याला तेथील विहार आठवतात. आम्हाला मात्र तेथील कृषी खात्याविषयी सांगायचे आहे. 1995 पासून त्यांनी अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरले, आणि पिके काही बुडाली नाहीत! कारण साधे आहे. मरणाचा विचार बहुधा काही घटकांचा असतो. त्या वेळी हाताशी विष नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक पुढे जगतात. आपल्याकडे फवारणीचा डबा कोठे असतो? बाजेखाली. तो कुलपात गेला पाहिजे, किल्ली दुसऱ्याकडे.

अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठविले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. आपल्या तरुण-तरुणींना हे जमणार नाही काय?

2022 पासून शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. क्रमांक 14416, रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतून. तो विहाराच्या फळ्यावर आजच लिहावा.