कम्प्युटर बदलला, हिशोब तोच

ताईंनो, विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आपल्या संघाच्या जुन्या कम्प्युटरवर विंडोज ११ चालत नाही, म्हणून आता त्यावर लिनक्स मिंट टाकलं आहे. फुकट मिळतं, पण फुकट म्हणून हलकं समजू नका बाप्पा!

एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिसचं कॅल्क दिसेल. बेरीज तशीच होते. बँकेला पाठवायची फाइल तेवढी एक्सेलच्याच प्रकारात सेव्ह करा.

खरी अडचण मराठीची. कृतिदेवमधली जुनी कर्जयादी उघडली, की सभासदांच्या नावांऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो. कोणाचं कर्ज कोणाच्या नावावर, कसं कळावं? घाबरून काही पुसू नका. मजकूर शाबूत आहे, फॉन्ट नाही. फॉन्ट टाकला की नावं दिसतात. पुढचं लिखाण युनिकोडमध्येच करा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड इथंही तोच आहे.

अमरावती-अकोल्याकडच्या ज्या संघांचं बदलणं बाकी आहे, त्यांनी आधी सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. नवीन सिस्टम टाकताना डिस्क पुसली जाऊ शकते. पेरणीच्या तोंडावर कर्जमागणी वाढते, त्याआधी उन्हाळ्यातच हे उरका. आणि दोघी जणी शिका. एकटी ऑपरेटर ताई माहेरी गेली, तर हप्ते कोण चढवणार? तोवर कागदी वही चालू ठेवा.