दुसरा फ्लॅट घेताना



निवृत्तीचा पैसा हाती आला की प्रश्न येतो, "दुसरा फ्लॅट घेऊन ठेवू का?" मी म्हणतो, आधी हिशेब मांडा.

समजा, मुंबईत ८० लाखांचा फ्लॅट घेतला. ६ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी धरून ८५ लाख १० हजार गेले. भाडं महिना २० हजार. वर्षात एक महिना जागा रिकामी, मेंटेनन्स महिना ३ हजार, वर बिनभोगवटा शुल्क. हातात उरले साधारण १ लाख ८० हजार, म्हणजे जेमतेम २ टक्के! घरपट्टी, रंगकाम वेगळंच. बाकी सगळी मदार भाव वाढण्यावर.

आणि दवाखान्याचं बिल भरायला फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. म्हणून औषधपाण्याचा पैसा आधी बाजूला ठेवा, मगच फ्लॅट बघायला निघा.