आचरेकर सरांचे ऋण आणि आपली शिष्यवृत्ती



आपल्या मंडळाने मुलांसाठी क्रिकेटची शिष्यवृत्ती ठेवावी व तिला कै. रमाकांत आचरेकर यांचे नाव द्यावे, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. सूचना स्तुत्य आहे. परंतु नाव देण्यापूर्वी त्यामागील कार्य तोलून पाहावे, म्हणून चिटणीसांनी मला आज बोलावयास उभे केले आहे. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाने दुसऱ्या मास्तराचे मोल ठरवावे, हे तसे नाजूक काम होय.

सरांचा जन्म १९३२ सालचा. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले. स्वतः ते प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. तथापि शिवाजी पार्कवर त्यांनी जे घडविले, त्याबद्दल १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० साली पद्मश्री त्यांना लाभली. त्यांची रीत साधी होती. जाळीतल्या सरावापेक्षा सामन्यावर त्यांचा भर असे. छोट्या सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर ते नेत. सायंकाळी दमलेल्या त्या मुलाच्या यष्टीवर रुपया ठेवीत. त्रिफळा उडविणाऱ्याला तो रुपया मिळे. अखेरपर्यंत टिकला तर फलंदाजाला. थकल्यावरही चित्त कसे स्थिर ठेवावे, हा पाठ एका रुपयात देणारा शिक्षक सामान्य नव्हे.

एक गोष्ट मात्र मला मानवत नाही. शिष्याच्या अंगी गर्व येईल म्हणून सर कधी ‘छान खेळलास’ असे म्हणत नसत, हे तेंडुलकर यांनीच २०१३ च्या निरोपाच्या भाषणात सांगितले. असामान्य मुलाला ते पचले. मध्यम वकुबाचे मूल मात्र कौतुकाच्या एका शब्दावर वर्षभर चालते. तेवढी रीत आपण सोडून द्यावी.

आता मूळ मुद्दा. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. हे आपण सर्व जाणतो. शाळा एक, गुरू एक, तरी पुढे एकाचे २०० कसोटी सामने झाले, दुसऱ्याचे १७. तेव्हा एका शिष्याच्या यशावर गुरूची थोरवी मोजणे फसवे आहे. त्या दोन दिवसांत पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला तिसरा एक मुलगा होता, अमोल मुझुमदार. त्याची पाळी त्या डावात आलीच नाही. पुढे त्याने मुंबईकडून रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा जमविल्या. पण भारतीय संघात त्याला स्थान मिळाले नाही. हाच मुझुमदार प्रशिक्षक असताना २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. (त्या रात्री आमच्या कोथरूडातील गल्लीतही फटाके वाजले, आणि मला झोप लागली नाही, याची तक्रार नाही!) आचरेकर सरांचे ऋण मला या गृहस्थात अधिक स्पष्ट दिसते.

आपल्या कोथरूडात शेते होती, मोकळे माळ होते. तेथे आता सोसायट्या उभ्या आहेत. मुले तासाच्या भाड्याने टर्फवर खेळतात, वीस चेंडू खेळतात आणि वडील मोबाईलवर चित्रण करतात. दुसरा आचरेकर शोधून मिळणार नाही. सरांना जे शिवाजी पार्क लाभले, तेही आपल्यापाशी नाही. शालेय सामन्यांची परंपरा तर मुंबईत त्यांच्या जन्माआधीची.

म्हणून माझी सूचना अशी: एका हुशार मुलाला मोठी रक्कम देण्याऐवजी तीच रक्कम मैदानाचे भाडे, चेंडू व पंच यांवर खर्चून मुलामुलींचे वर्षभर सामने भरवावेत, आणि ज्यांची पाळी आली नाही त्यांना पुढच्या सामन्यात प्रथम खेळवावे. नाव सरांचेच असावे. हा ठराव मी चिटणीसांकडे लेखी दिला आहे. ज्यांचे मत भिन्न असेल त्यांनी वार्षिक सभेत ते अवश्य मांडावे.