शेवटच्या एसटीआधीचं कॉलेज

मोताळ्याहून एसटीने बुलढाण्याला किंवा मलकापूरला कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींचं विद्यापीठ आहे अमरावतीत. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि आज संत गाडगेबाबांचं नाव लावणाऱ्या या विद्यापीठाच्या कक्षेत पाच जिल्हे येतात. बुलढाणा जिल्हा त्याच्या पश्चिम टोकाला. इथल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ दिसतं ते बहुधा गुणपत्रिकेवरच. कॉलेजजीवनही तास संपले की बस गाठण्यात सरतं. वाचनालय, वादविवाद, नाटकाची तालीम हे सगळं बहुतेक त्यानंतरच सुरू होतं.

कुणी म्हणेल, पोरं शिकायला जातात, मिरवायला नाही. पण चारचौघांत बोलणं, मतभेद पचवणं, मिळून काम करणं हेही शिक्षणच. १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना याच विचारावर उभी आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि गावात सात दिवसांचं शिबिर. सकाळी हातात फावडं, दुपारी चर्चा. वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच असे उपक्रम वेळापत्रकातच बसवायला हवेत. नाहीतर त्यांचा लाभ फक्त कॉलेजजवळ राहणाऱ्यांनाच मिळेल.