आपली नाडी आपण मोजावी

(वाई येथील एका शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)



ज्या शाळेत मी दहावीपर्यंत शिकले, त्याच शाळेने आज मला या व्यासपीठावर बसवलं, याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. निमंत्रणपत्रात विषय दिला होता, 'पॅथॉलॉजी क्षेत्रातील संधी'. त्यावर मी बोलणार आहेच. पण संध्याकाळी फाटकातून आत आले, प्रयोगशाळेच्या खिडक्या दिसल्या आणि तयार करून आणलेलं भाषण मनातून मागे सरलं. आज मी जे काही आहे त्याचा पाया त्या खोलीत घातला गेला, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आम्ही वाईची मुलं. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावात चाललं, त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्या गावच्या रस्त्यावरून जाताना दिसायचे, त्या गावात आम्ही वाढलो. वर्गात कुणी शंका काढली की आमच्या विज्ञानाच्या बाई लगेच उत्तर देत नसत. "खंड काढून बघ आणि उद्या वर्गाला सांग," असं म्हणायच्या. विश्वकोशाचे ते जाड खंड दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवायचे, नोंद शोधायची, न कळलेले शब्द वहीत लिहून काढायचे. उत्तर आपणच शोधायचं असतं, ही सवय तिथे लागली.

आठवीत असताना बाईंनी एका सकाळी आमचा अख्खा वर्ग मैदानावर आणला आणि प्रत्येकाला स्वतःची नाडी धरायला शिकवली. नाडी अंगठ्याने बघायची नाही, कारण अंगठ्याचे स्वतःचेच ठोके लागतात. दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, हलकेच टेकवायची. बाईंच्या घड्याळाला सेकंदकाटा होता. त्यांनी 'सुरू' म्हटलं की मोजायला लागायचं, 'थांबा' म्हटलं की आकडा वहीत. मग मैदानाला फेऱ्या मारून आलो आणि पुन्हा मोजलं. त्यानंतर दर मिनिटाला मोजत राहिलो, आकडा पहिल्या जागी येईपर्यंत. पसरणीहून रोज चालत येणारा एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्याची नाडी बसल्या जागी सगळ्यांपेक्षा सावकाश होती, आणि धावून आल्यावर सगळ्यांच्या आधी तीच शांत झाली. तो मोजायला चुकतोय असं आम्हाला वाटलं. बाईंनी स्वतः त्याचं मनगट धरलं, मोजलं, आकडा तोच आला. "असं का होत असेल?" एवढंच विचारून त्यांनी तास संपवला.

उत्तर त्यांनी पुढच्या आठवड्यात दिलं. रोजच्या चालण्याने त्याचं हृदय बळकट झालं होतं. एका ठोक्याला ते जास्त रक्त पुढे ढकलत होतं, म्हणून त्याला कमी ठोके पुरत होते. पण तोवर आम्ही घरी आजीची नाडी मोजून बघितली होती, झोपून उठल्यावरची बघितली होती, तोंडी परीक्षेच्या आधीची बघितली होती. आपल्या शरीरात काय चाललंय ते आपल्याला दोन बोटांनी कळू शकतं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, हे मला त्या वयात समजलं.

मित्रांनो, मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे. आपल्या शरीराची वही ठेवा. दोनशे पानी साधी वही पुरते. रात्री किती वाजता झोपलात, सकाळी उठलात तेव्हा ताजंतवानं वाटलं का, न्याहारी केली की नुसता चहा घेऊन निघालात, डोकं कोणत्या दिवशी दुखलं आणि त्याच्या आदल्या रात्री मोबाइल कितीपर्यंत चालू होता. मुलींनी पाळीची तारीख लिहावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रविवारी सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजावी. रोज दोन ओळी लिहा आणि महिन्याच्या शेवटी सगळी पानं एकदम वाचा. आपल्या सवयी आपल्यालाच दिसायला लागतात. बाकी कुणी सांगितलेलं आपण विसरतो, पण आपल्याच हातचं लिहिलेलं नाकारता येत नाही.

तुम्ही म्हणाल, वहीने काय होणार? मी तुम्हाला शेजारच्याच भागातलं उदाहरण देते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरलं की पोलादपूर, आणि पुढे महाड. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात जालना जिल्ह्यातल्या देहेडचा, शेतकऱ्याच्या घरातला एक तरुण डॉक्टर रुजू झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत होती, आणि 'विंचू चावला, आता काही खरं नाही' असं लोक म्हणत. डॉ. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब किती चढला आणि कधी पडला, हे सगळं टिपत राहिले. विषामुळे आधी रक्तदाब भयंकर वाढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरून माणूस जातो, हे त्या नोंदींतून उलगडत गेलं. १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध त्यांनी वेळेवर द्यायला सुरुवात केली आणि शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत होते तिथे प्रमाण एकावर आलं. हाताशी मोठं रुग्णालय नव्हतं, महागडी यंत्रं नव्हती. 'असं का होतं?' हा प्रश्न होता आणि लिहून ठेवण्याची चिकाटी होती. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता माझ्या क्षेत्राबद्दल. पॅथॉलॉजीत संधी भरपूर आहेत. बारावी विज्ञान शाखेनंतर एमबीबीएस करून एमडी होता येतं, किंवा डीएमएलटी ही पदविका घेऊन तंत्रज्ञ होता येतं, आणि उत्तम तंत्रज्ञाशिवाय कुठलीही लॅब चालत नाही. अधिक माहिती हवी असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला जरूर भेटावं.

माझ्या लॅबच्या काउंटरवर रोज जे दिसतं ते मात्र मला इथे बोलायचंय. माणूस रिपोर्टचं पाकीट घेतो, उघडत नाही आणि विचारतो, "नॉर्मल आहे ना सगळं?" स्वतःच्या रक्ताची गोष्ट त्या कागदावर लिहिलेली असते, आणि ती वाचायची हिंमत होत नाही. एचबीएवनसी ही तपासणी तुमच्या घरात कुणी ना कुणी केली असेल. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि रक्तातली साखर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड बंद केलं तरी तो बदलत नाही. ५.७ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, ६.५ टक्के किंवा त्याच्या वर गेला तर मधुमेह, आणि मधल्या टप्प्यावर असाल तर अजून पुष्कळ काही आपल्या हातात असतं. हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. दहावीच्या मुलाने आईचा रिपोर्ट वाचून आईला समजावून सांगावा, एवढं हे सोपं आहे.

'आमच्या घराण्यातच शुगर आहे' हे वाक्य मी फार ऐकते. ते म्हणून झालं की लोक हात जोडून मोकळे होतात. घराण्यात आहे, हे खरं असू शकतं. पण आपल्याला वारशात नेमकं काय मिळतं, तेही पाहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपल्याकडची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण त्या हडकुळ्या अंगातही चरबी टिकून असते, कमी पडतो तो स्नायू. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याबरोबर काढलेला आपला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. वजन-उंचीचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा २२.३. शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के! दिसायला बारीक म्हणून निर्धास्त राहू नका, हा त्याचा अर्थ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

या आजाराची सुरुवात जन्माआधीच झालेली असू शकते. म्हणून कुणाला आजार झाला तर 'तुझीच चूक' असं कधीही म्हणू नका. बाळ पोटात असताना आईच्या ताटात काय होतं, याचा दोष ना बाळाचा ना त्या आईचा. जबाबदारी घेणं म्हणजे दोष डोक्यावर घेणं नव्हे. मला काय वारशात मिळालंय ते समजून घेणं आणि इथून पुढे मी काय करणार ते ठरवणं, एवढंच मी म्हणते आहे. गडचिरोलीत आयुष्यभर लोकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, पंचेचाळिशीच्या आत, हृदयविकार झाला. त्यांनी आपलं जेवण, चालणं, मनावरचा ताण, सगळं तपासलं आणि 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिलं. ते शाळेच्या ग्रंथालयात असेल तर अकरावी-बारावीच्या मुलांनी या सुट्टीत वाचावं.

आणि एक सावधगिरी. मोबाइलवर आलेला मजकूर वाचून स्वतःच औषध घेणं किंवा चालू असलेली गोळी बंद करणं म्हणजे जिज्ञासा नव्हे. वहीतल्या नोंदी घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं आणि विचारायचं, ही गोळी कशासाठी, किती दिवस, जेवणाआधी की नंतर. चांगल्या डॉक्टरला असा रुग्ण आवडतो.

समोर दुसऱ्या रांगेत माझे काही वर्गमित्र बसलेत. आपली पन्नाशी आली. तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला आणि किती निघाला, हे तुमच्यापैकी कितीजणांना आठवतंय? वाढलेला रक्तदाब बहुतेकदा दुखत नाही, चक्करही आणत नाही, म्हणून तर तो मोजावा लागतो. पोरांनो, आज घरी गेल्यावर बाबांना हा प्रश्न विचारा. तिकडे बसलेल्या माझ्या बहिणींनो, वहिनींनो, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवायचं आणि भूक मारायला मिश्री लावायची, हे आता थांबवा. मिश्री म्हणजे तंबाखूच आहे. तुमच्या लेकी तुमच्याकडे बघून शिकताहेत.

या लेकींबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. ती बऱ्याच शाळांत खिडकीबाहेर जाते, मला माहीत आहे. मळमळतं, शौचाला काळं होतं, मग मुली घाबरतात. काळं होणं हे लोहामुळे होतं, त्याने काही अपाय नाही. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका, जेवून घ्या. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. त्याऐवजी भाजीवर लिंबू पिळा. 'का?' हा एक प्रश्न बाईंना विचारला असता तर ती गोळी पोटात गेली असती.

संस्थेचे अध्यक्ष महोदय, आपण समोरच आहात म्हणून एक मागणं मागते. वेळापत्रकात पीटीचा तास असतो आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. आमच्या वेळी तो कुणी घेतला नाही, म्हणून आम्ही मैदानावर नाडी मोजायला शिकलो. कृपया तो तास कुठल्याही विषयाला देऊ नका. दहावीच्या वर्गाचा तर मुळीच नको.

माझ्याकडून मी एवढं करते. येत्या जानेवारीत माझ्या लॅबचे तंत्रज्ञ इथे येतील आणि आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलामुलींचं हिमोग्लोबिन विनाशुल्क तपासतील. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात दिला जाईल, आणि तो कसा वाचायचा हे मी स्वतः वर्गात येऊन शिकवीन. संमतीपत्रं पुढच्या आठवड्यात मुलांबरोबर घरी येतील. पालकांनी त्यावर सही करून ती वेळेत परत पाठवावीत, ही हात जोडून विनंती.