एसी घेताय? आधी खोली मोजा



गटाच्या बैठकीत पूर्वी कर्जाची मागणी यायची ती शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पोरांच्या फीसाठी. आता उन्हाळा लागला की एखादी ताई हळूच म्हणते, "मला एसीसाठी पाहिजे होते." बाकीच्या हसतात. हसू नका. एप्रिल-मे महिन्यात आपल्या निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या खोलीत म्हातारी सासू, बाळंतीण नाहीतर आजारी माणूस असेल, तर ती मागणी चैनीची नाही.

पण कर्ज किती लागणार, हे एसी किती टनाचा यावर ठरतं. आणि तो आकडा बहुतेक वेळा दुकानदार सांगतो. हप्ते मात्र आपण भरतो. म्हणून हा हिशेब आज आपणच शिकून घेऊ.

आधी टन म्हणजे काय ते पाहू. एसीचा टन म्हणजे मशीनचं वजन नाही. हा शब्द बर्फाच्या जमान्यातला आहे. एक टन बर्फ, म्हणजे तिकडच्या मापाने सुमारे ९०७ किलो, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढणारं मशीन ते एक टनाचं. वॅटमध्ये सांगायचं तर साधारण ३,५०० वॅट.

आपल्यातल्या कितीतरी जणी द्राक्षाच्या पॅकहाऊसला कामाला जातात. तिथे प्रीकूलिंगच्या खोलीत माल लावताना पाहिलं असेल. शेतातून तापून आलेला माल जास्त भरला, दार सारखं उघडं राहिलं, तर माल थंड व्हायला वेळ लागतो. खोली तीच, मशीन तेच, पण आतली उष्णता वाढली. घरचंही तसंच आहे. एसी घरात थंडावा ओतत नाही, घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून खोली किती मोठी एवढंच नाही, खोलीत उष्णता किती येते, हेही मोजायचं.

मोजायचं कसं? टेप घ्या. लांबी गुणिले रुंदी. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. उंची दहा फुटांच्या आत असेल आणि वर दुसरा मजला असेल, तर १२० चौरस फुटांपर्यंत १ टन पुरतो. १२० ते १८० पर्यंत दीड टन. त्याच्या पुढे अडीचशेपर्यंत २ टन. हा ढोबळ अंदाज झाला.

आता यात उष्णता मिळवा. वर उघडा स्लॅब असेल किंवा पत्रा असेल, तर एक पायरी वर जावं लागतं. पश्चिमेची भिंत दुपारभर तापत असेल, तर तीही धरा. दोन-तीन माणसांपेक्षा जास्त माणसं बसत असतील, तर दर पाच माणसांमागे साधारण पाव टन वाढतो, कारण माणसाचं अंगही उष्णता टाकतं. इस्त्री किंवा केस वाळवायचं मशीन १,००० वॅटचं असेल, तर चालू असेपर्यंत ते एकटंच पाव टनापेक्षा जास्त उष्णता सोडतं. आणि गॅसची शेगडी असलेल्या खोलीत एसी लावायचा विचारच नको. तिथे हवा खेळती लागते.

आमच्या भागातल्या एका गटात एका ताईने पार्लरच्या खोलीसाठी कर्ज मागितलं. खोली १० बाय १२, वर पत्रा, पश्चिमेला खिडकी. दुकानदाराने २ टन सांगितला होता. गटातल्या दोघी टेप घेऊन दुपारी तीन वाजता तिच्याकडे गेल्या. पत्र्याखाली उभं राहिलं की डोकं तापत होतं. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. तिथून थंड हवा सरळ अंगणात गेली असती. गटाने कर्ज मंजूर केलं, पण कामं लावून दिली. आधी फट बुजवायची, पत्र्याला वरून पांढरा रंग द्यायचा, आतून थोडी मोकळी जागा सोडून फॉल्स सीलिंग करायचं, खिडकीला बाहेरून चिक लावायची. मग एसी. तिचं काम दीड टनात भागलं. सीलिंगचा खर्च झाला, पण तो एकदाच. वीजबिल दर महिन्याला येतं.

कोणी म्हणेल, मोठा घेतला तर काय बिघडलं? साधा एसी गरजेपेक्षा मोठा असला की खोली पटकन गार करतो आणि बंद पडतो, परत सुरू होतो, परत बंद. या चालू-बंदमध्ये वीज जाते, आणि पावसाळ्यात हवेतली ओल नीट निघत नाही. खोली गार पण चिकट वाटते. इन्व्हर्टर एसी स्वतःचा वेग कमी करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. शिवाय पैसे जास्त गेलेच. उलट फार लहान घेतला, तर तो थांबतच नाही. बिलही येतं आणि घामही जात नाही.

दुकानात गेल्यावर ताऱ्यांचं लेबल वाचा. त्यावर उष्णता उचलण्याची क्षमता वॅटमध्ये लिहिलेली असते. दोन कंपन्यांच्या दीड टनाच्या मशीनवर हा आकडा वेगवेगळा असू शकतो. त्याच लेबलवर वर्षाचे युनिट असतात, ते १,६०० तासांचे धरलेले. समजा ८०० युनिट लिहिलंय, म्हणजे तासाला अर्धा युनिट. रोज आठ तास लावला तर महिन्याला १२० युनिट. पत्र्याच्या खोलीत, भर मे महिन्यात, याहून जास्तच धरा.

हे १२० युनिट तुमच्या बिलात मिळवून बघा. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटला कमी, १०१ ते ३०० ला जास्त आणि पुढे आणखी चढता असतो. आज ८० युनिट जळत असतील, तर एसीनंतर २०० होतील, आणि वरचे १०० युनिट महाग दराने लागतील. बिलावर मंजूर भार किती आहे तोही बघा. कमी असेल तर आधी वाढवून घ्या. एसीला वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग लागतंच. घरात धंदा असेल, तर दर कोणता लागेल हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा.

एसी घेतल्यावर २४ वर ठेवा. २०२० पासून नव्या एसीला सुरुवातीचं तापमान २४ च ठेवण्याचा नियम आहे. एक अंश वर ठेवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतं. सोबत पंखा हळू लावा. जाळी पंधरा दिवसांनी धुवा.

आणि दोनच महिन्यांची गरज असेल तर कूलरचाही विचार करा. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर चांगला चालतो आणि वीज फारच थोडी घेतो. फक्त खिडकी उघडी ठेवावी लागते. पाऊस सुरू झाला की मात्र त्याचा उपयोग नाही.

तर मैत्रिणींनो, गटात एसीच्या कर्जाचा अर्ज आला की वहीत पाच गोष्टी लिहून घ्या: खोलीचं माप, वरचं छत, बसणारी माणसं, सध्याचे महिन्याचे युनिट आणि मंजूर भार. मग टन ठरवा, मग रक्कम, मग हप्ता. हप्त्यात वाढीव वीजबिल मिळवा आणि तेवढं दर महिन्याला झेपेल का, हे त्या ताईलाच बैठकीत बोलू द्या. झेपत असेल तर खुशाल घ्या. उन्हात राबणाऱ्या बाईला रात्री गार झोप मिळाली, तर त्यात वाईट काहीच नाही.