सातव्या दिवसानंतर

स्नातकहो, १९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन न्यूरोसर्जननी बेशुद्धी मोजायची एक पट्टी तयार केली. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, एवढंच बघायचं. आज त्यावरून ३ ते १५ या दरम्यान गुण देतात. ससूनच्या अपघात विभागात मध्यरात्री आणलेला माणूस कोथरूडचा इंजिनिअर आहे की हिंजवडीच्या साइटवर परांचीवरून पडलेला गवंडी, याच्याशी या पट्टीला काही देणंघेणं नसतं. किती शिकलास, हे ती विचारत नाही. डोक्याला मार लागल्यानंतरचा पहिला तास मोजमापापुरता तरी समतेचा असतो.

भेद सुरू होतो तो पेशंट शुद्धीवर आल्यावर.

आता प्रश्न जगण्या-मरण्याचा राहत नाही. आठवतं का, लक्ष टिकतं का, दोन कामं एका वेळी जमतात का, असे प्रश्न येतात. ते तपासायला २००५ साली प्रसिद्ध झालेली माँट्रियलची चाचणी जगभर वापरतात. ती मुळात उतारवयातल्या सौम्य विस्मरणासाठी केलेली, पण मेंदूच्या दुखापतीतही चालवली जाते. घड्याळ काढा, घनाची आकृती उतरवा, शंभरातून सात-सात वजा करत जा. शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून मिळतो. बारावी झालेल्यालाही एक आणि जिनं जन्मात पेन्सिल धरली नाही तिलाही एकच! मग गुण कमी पडले तर ते अपघातानं गेले की शाळेनं कधी दिलेच नव्हते, हे कोण सांगणार?

यावर उपाय नाही असं नाही. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये संशोधकांनी १९९५ साली निरक्षर ग्रामस्थांसाठी हिंदी चाचणी प्रसिद्ध केली. ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचायला देण्याऐवजी परीक्षकानं स्वतः डोळे मिटून दाखवायचे. वाक्य लिहायला लावण्याऐवजी घराबद्दल एक वाक्य बोलायला सांगायचं. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी चाचण्यांचा संच केला. त्याच्या पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा होत्या. मराठी त्यात नव्हती. विद्येचं माहेरघर म्हणवून घेणाऱ्या शहरानं हे जरा मनाला लावून घ्यायला हरकत नाही.

पुण्याचा डोक्याशी असलेला संबंध तसा वादाचाच. १ जानेवारी २०१९ ला पोलिसांनी हेल्मेटसक्ती सुरू केली आणि दोनच दिवसांत विरोधकांनी दुचाकी फेरी काढली. त्या गदारोळात मागच्या सीटवर बसलेल्या बाईचा विषय फारसा निघाला नाही, आणि पायी चाललेल्या माणसाचा तर नाहीच. संशोधनातही ती बाई अशीच मागे राहते. बरं होणं मोजताना कामावर परत गेला का, हे विचारतात. चार घरची धुणीभांडी करणारी बाई कामावर परत जाते. घर चालायला हवं. पण दूध गॅसवर विसरते, रोजचा बसचा नंबर चुकवते, एका घरचा निरोप दुसऱ्या घरी देते. फॉर्मवर मात्र ती ‘पूर्ववत’.

गरिबांना संशोधनात घेता येत नाही, ही सबबही टिकत नाही. डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड द्यावं का, हे तपासणाऱ्या ‘क्रॅश’ अभ्यासात ४९ देशांतले १०,००८ रुग्ण होते आणि त्यातले बरेचसे श्रीमंत देशांबाहेरचे. वर्षानुवर्षं दिलं जाणारं ते औषध मृत्यू वाढवतं, हे त्यातून कळलं. म्हणजे जीव वाचवण्याच्या प्रश्नाला गरीब चालला. वाचलेल्या डोक्यात पुढे काय होतं, हे विचारताना मात्र तो हवा तेव्हा सापडत नाही.

रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची विनारोकड उपचार योजना मे २०२५ मध्ये लागू झाली. दीड लाख रुपयांपर्यंत उपचार, अपघातापासून सात दिवस. पाऊल मोठं आहे, पण स्मरणशक्तीचा हिशोब सात दिवसांत लागत नाही, त्याला महिने लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत पार्किन्सन आहे, सिकल सेल आहे. मेंदूची दुखापत स्वतंत्र नावानं नाही. हातापायानं धड दिसणारा माणूस प्रमाणपत्राच्या रांगेत काय दाखवणार?

महिन्यांनंतर माणूस सापडायचा कसा, याची उत्तरं पुण्यातच आहेत. डॉ. बानू कोयाजींनी वढूला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. तिथेच केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं २००२ पासून गावागावातल्या घरांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली आहे. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं, सगळं. शहरात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, हमाल पंचायत तर त्याहून कितीतरी जुनी. आपला माणूस कुठल्या वस्तीत राहतो आणि सध्या कामावर का दिसत नाही, हे दवाखान्याच्या संगणकापेक्षा अशा संघटनांच्या कार्यकर्त्यांना जास्त ठाऊक असतं. पाठपुराव्याची आखणी त्यांच्यासोबत बसून व्हायला हवी.

आज पदवी घेणाऱ्यांपैकी कोणी तरी लवकरच या विषयावर पहिला प्रस्ताव लिहील. त्यात एमआरआयचा खर्च असेल, सॉफ्टवेअरचा असेल. तपासणीला येताना बुडणाऱ्या रोजंदारीचीही एक ओळ त्यात घालता येते. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांना अशी भरपाई मान्य आहे.